म्हाइंभटांचे पांडित्य आणि लीळासंग्रह

श्रीनागदेवाचार्यांच्या काळी मार्गात अनुसरलेल्या विद्वज्जनांची नामावळी मोठी आहे. केशिराजबास, भास्करभट्ट बोरीकर, दामोदर पंडित, कवी नरेंद्र ही नावे साधकांच्या नित्य स्मरणातील आहेत. हे सर्व आपापल्या विद्येत पारंगत होते, आणि मार्गात आल्यावर प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहिला. पदरी असलेल्या विद्येचे करावयाचे काय? ती टाकून द्यावी तर असलेल्या सामर्थ्याचा अव्हेर होतो. मिरवावी तर ज्या अभिमानातून सुटण्यासाठी घरदार सोडले तोच अभिमान दुसऱ्या दाराने पुन्हा आत येतो. म्हाइंभटांच्या चरित्रात हा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो. त्यांनी विद्येच्या गर्वाची परिसीमाही गाठली होती, आणि त्याच विद्येने पुढे मार्गाची अशी सेवा केली की तिच्यावाचून सर्वज्ञांच्या लीळा आज आपणांस वाचावयास मिळाल्या नसत्या.

म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे ब्राह्मण. शास्त्राध्ययनासाठी ते तेलंगणापर्यंत गेले आणि प्रभाकर मताची मीमांसा शिकून आले, असे परंपरा सांगते. वादात त्यांच्यापुढे उभे राहणारे फारसे कोणी उरले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या विद्येची एक विलक्षण खूण धारण केली. ते पायी गवताचा तोडर बांधीत आणि भर दिवसा दिवटी लावून हिंडत. तोडर हे वीरांचे भूषण. तो गवताचा बांधावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे सारे पंडित तृणवत् आहेत असा अभिप्राय. दिवसा दिवटी लावावयाची, म्हणजे सूर्य उगवला असला तरी या भूमीवर ज्ञानाचा अंधारच आहे आणि तो दूर करणारा प्रकाश एकट्या आपल्याच हाती आहे, हे जगास सांगावयाचे. त्या काळच्या पंडितसभांत बिरुदे बांधण्याची रीत होतीच. म्हाइंभटांनी ती टोकास नेली एवढेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. म्हाइंभटांची विद्या खोटी नव्हती. पुष्कळदा गर्वाची निंदा करताना गर्विष्ठ मनुष्य मुळात पोकळच होता असे दाखविण्याचा मोह निरूपण करणाऱ्यांस होतो, आणि मग गर्वहरणाची कथा फार सोपी होऊन बसते. म्हाइंभटांचे तसे नव्हते. त्यांनी अध्ययन केले होते, वाद जिंकले होते, शास्त्रार्थ लावण्याची त्यांची बुद्धी तीक्ष्ण होती. दोष विद्येत नव्हता, ती मोजण्याच्या मापात होता. त्यांनी आपली विद्या दुसऱ्याच्या उणेपणाने मोजली. समोरचा पंडित किती कमी जाणतो यावरून आपण किती जाणतो हे ठरवावयाचे, असे ते माप. या मापाने मोजणाऱ्याला सतत कोणी तरी हरलेला समोर लागतो. आणि आपल्याला काय ठाऊक नाही याचा शोध घेण्याची त्याला गरजच उरत नाही. दिवटी ज्याच्या हाती आहे त्याला तिचा उजेड दिसतो, दिवटीखालचा आपला हात तो पाहत नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची ख्याती कानी आल्यावर म्हाइंभट वाद करण्याच्याच हेतूने गंगातीरी डोमेग्रामास आले. त्या भेटीची लीळा साधकांच्या परिचयाची आहे, म्हणून तिचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. शास्त्राच्या बळावर आलेला हा पंडित निरुत्तर झाला आणि त्याचा गर्व गळून पडला, हे तिचे सार होय. तथापि म्हाइंभट लगोलग अनुसरले नाहीत. वादात हरणे एक आणि आयुष्य बदलणे वेगळे. गर्व एका बैठकीत गेला. घर, संसार, गावातील मान या गोष्टी सुटण्यास काळ लागला. ते पुढे श्रीनागदेवाचार्यांच्या काळी मार्गात आले. हा मधला काळ चरित्रकार सहसा ओलांडून जातात. परंतु त्या काळातच म्हाइंभटांना आपले मोल नव्याने ठरवावे लागले असणार. ज्याला आपण अद्वितीय आहोत असे वाटत होते त्याला एका दिवसात आपण कोणीच नाही असे वाटू लागणे हे अगदी स्वाभाविक आहे. आणि हे दुसरे मतही पहिल्याइतकेच चुकीचे असते.

शके ११९६ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७४ च्या आसपास, सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधान अंतरल्यावर श्रीनागदेवाचार्य व इतर भक्तजन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपुरास जाऊन राहिले. म्हाइंभटांनाही श्रीप्रभूंचे सन्निधान आणि दास्य रिद्धपुरातच घडले. तेथील जीवन पंडिताच्या दृष्टीने पाहिले तर मोठे विलक्षण होते. श्रीप्रभू गावभर फिरत, कोणाच्याही घरात शिरत, मुलांशी खेळत, मनास येईल तसे बोलत. तेथे शास्त्रार्थाची बैठक नव्हती, जयपत्र नव्हते, बिरुदाला विचारणारे कोणी नव्हते. ज्या बाजारात म्हाइंभटांचा माल आजवर चढ्या भावाने खपला होता तो बाजारच तेथे नव्हता. तेथे टिकणारा मनुष्य विद्येवाचूनही आपण कोण आहोत हे शिकला असला पाहिजे.

श्रीनागदेवाचार्य एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्याविषयी विचारले असता आचार्यांनी आपण स्वामींच्या लीळा आठवीत असल्याचे सांगितले. तेव्हा म्हाइंभटांच्या मनात आले की ज्यांनी सर्वज्ञांना डोळ्यांनी पाहिले आहे ते एक एक करून जातील, त्यांच्याबरोबर लीळाही जातील आणि पुढे येणाऱ्या साधकांस स्मरणाला आधारच राहणार नाही. या लीळा लिहून ठेवाव्यात अशी विनंती त्यांनी आचार्यांस केली, आणि आचार्यांनी तिला अनुमती दिली.

या प्रसंगाकडे जरा थांबून पाहावे. विनंती करणारा मनुष्य आपण हे कार्य करू शकतो असे मानीत होता, हे उघड आहे. डोमेग्रामास ज्याचा गर्व गेला तोच आता मार्गातील सर्वांत मोठे काम स्वतः होऊन अंगावर घेत होता. म्हाइंभटांनी नम्रतेचा अर्थ आपण अजाण आहोत असे म्हणत बसणे, एवढाच घेतला असता तर हे शब्द त्यांच्या तोंडून निघालेच नसते. विद्वानाने मला काही येत नाही असे म्हणणे हे अनेकदा अनृतच असते. आणि त्या अनृताच्या आडोशाला आळस आणि भय ही दोन्ही सुखाने राहतात. त्या वेळी रिद्धपुरात स्मरण असलेले भक्त पुष्कळ होते; परंतु ऐकलेले शब्दशः धरून ठेवणे, प्रसंगाचा मागचा पुढचा संबंध लावणे, दोन सांगणाऱ्यांतील फरक ओळखणे ही सवय शास्त्राभ्यासाने ज्यांना लागली होती असे थोडेच. म्हाइंभट हे त्या थोड्यांपैकी होते आणि त्यांना ते ठाऊक होते. आचार्यांची अनुमती हा त्यांच्या या जाणिवेला मिळालेला आधार होय. शिष्याच्या एका दोषाचे स्मरण ठेवून त्याचा गुण कायमचा अडवून ठेवावा असे आचार्यांना वाटले नाही.

पुढचे काम मात्र एका बैठकीचे नव्हते. आचार्यांनी आपणांस ठाऊक होते ते सांगितले. परंतु सर्वज्ञांच्या कित्येक लीळा आचार्यांच्या भेटीपूर्वीच्या होत्या, कित्येक त्यांच्या माघारी घडल्या होत्या. त्यांसाठी ज्यांच्यासमोर त्या घडल्या त्यांच्याकडे जाणे प्राप्तच होते. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधे अशा बाया, मार्गातले पुरुष, आणि मार्गाबाहेरचेही लोक, जो कोणी सर्वज्ञांच्या सन्निधानात क्षणभर आला होता तो म्हाइंभटांच्या दृष्टीने साक्षी होता. सर्वज्ञांचे अटन पैठण, बेलापूर, हिवरळी, भिंगार, डोमेग्राम असे दूरवर झालेले. तेव्हा साक्षीही तितकेच विखुरलेले. एखादा कुणबी शेतात औत हाकीत असता त्याला काम थांबविता येत नसे, तर म्हाइंभट त्याच्या मागोमाग तासातून चालत आणि त्याच्याकडून लीळा ऐकून घेत, असे परंपरेत सांगतात. या पायांना एके काळी गवताचा तोडर होता.

कुणब्याच्या मागे चालण्यात देहाचे कष्ट आहेत. त्याहून कठीण गोष्ट वेगळी होती. शास्त्री मनुष्य दुसऱ्याचे बोलणे ऐकत असता मनातल्या मनात ते दुरुस्त करीत असतो. बोलणारा अडला की शब्द पुरवितो, चुकला की सुधारतो, अर्थ उणा वाटला की भर घालतो. ही त्याची सवय पाठशाळेत गुण असते, साक्ष घेताना तीच घातक ठरते. अक्षरशून्य बाईने सांगितलेली लीळा तिच्याच शब्दांत ठेवणे यासाठी म्हाइंभटांना आपल्या विद्येला रोज आवर घालावा लागला असेल. लीळाचरित्राचे गद्य साधे, बोलके आणि आटोपशीर आहे. कित्येक लीळा चार-दोन वाक्यांच्या आहेत. कोठे स्वामींचे भोजन आहे, कोठे वाटेतील झाडाखालची विश्रांती, कोठे एखाद्या म्हातारीशी झालेले सहज बोलणे. संस्कृत काव्यशास्त्राचा संस्कार झालेल्या लेखकाला यांतील अर्ध्याअधिक लीळा ग्रंथात घेण्याजोग्या वाटल्या नसत्या, आणि घेतल्या तर त्याने त्यांना अलंकार घातले असते. म्हाइंभटांनी दोन्ही केले नाही. परमेश्वराच्या अवताराची कोणती क्रिया थोर आणि कोणती क्षुल्लक हे ठरविणे आपल्या अधिकारात नाही, असे त्यांनी मानले असावे. ग्रंथाच्या रूपावरून तरी तसेच दिसते.

तथापि त्यांनी आपली बुद्धी बाजूला ठेवली असेही नाही. लीळांची मांडणी एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी आहे. सर्वज्ञांचा एकाकी अटनाचा काळ, त्यानंतर भक्तपरिवार जमू लागला तो काळ, आणि नागदेवाचार्य आल्यानंतरचा काळ, असा हा क्रम. शेकडो तुटक आठवणींना स्थळ आणि काळ यांचा धागा लावणे हे पंडिताचेच काम होते. कोणती लीळा कोणामुळे कळली, सांगणाऱ्यांत मतभेद कोठे आहे, याची दखल ठेवणे हेही तसेच. आज मिळणाऱ्या प्रतींत एकाच लीळेच्या भिन्न वासना नोंदविलेल्या आढळतात. त्यांतील पुष्कळ पुढील काळातील असतील, परंतु एकाने असे सांगितले व दुसऱ्याने तसे, हे दोन्ही ठेवावे आणि आपल्या पसंतीने एक खोडू नये, ही शिस्त या ग्रंथाच्या घडणीतच आहे. म्हणजे जेथे आपला अधिकार आहे तेथे म्हाइंभट निःशंकपणे पुढे झाले, आणि जेथे नाही तेथे थांबले. ही सीमारेषा त्यांनी स्वतःपुरती आखून घेतली होती.

येथे सर्वज्ञांनी निरूपिलेला जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत आठवतो. ज्याचा हात जेथे लागला तेवढाच हत्ती त्याने सांगितला. कोणी खोटे बोलला नाही आणि पूर्ण हत्ती कोणाच्याच हाती आला नाही. हा दृष्टांत केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात आहे आणि त्याचा तात्त्विक अर्थ वेगळ्या प्रकरणाचा आहे. परंतु लीळा गोळा करीत हिंडणाऱ्या म्हाइंभटांना तो रोजच्या व्यवहारातही भेटला असेल. डोळस मनुष्य म्हणून आंधळ्यांचे शब्द जमवीत फिरणे, ही त्यांची भूमिका नव्हती. डोमेग्रामला त्यांचाही हात एकाच अवयवाला लागला होता.

आणि ती डोमेग्रामची लीळाही ग्रंथात आहे. आपला स्वतःचा गर्व आणि त्याचा भंग यांची हकीकत ज्या ग्रंथाचे संपादन आपल्याच हाती आहे त्यात येऊ देणे सोपे नसते. ती वगळता आली असती. अथवा भक्तीच्या नावाखाली आपल्या पतनाचे रंगवून वर्णन करून त्यातूनही थोरवी मिळविता आली असती, कारण स्वतःला फार हीन म्हणविण्यातही एक प्रकारची दिवटी असतेच. म्हाइंभटांची लीळा इतर लीळांच्या ओळीत इतर लीळांसारखी येते. त्यांनी स्वतःलाही एक साक्षी म्हणूनच वागविले.

त्यांच्या समकालीन दोघांची आठवण येथे अस्थानी होणार नाही. भास्करभट्टांनी शिशुपालवध रचले. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो शृंगारप्रधान असल्यामुळे निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्यांच्या गुरुबंधूंनी दिला. कवीला याहून बोचणारा अभिप्राय दुसरा नसेल, कारण त्यात स्तुती खरी होती आणि नकारही खरा होता. भास्करभट्टांनी स्तुतीला धरून नकार झटकला नाही, नकाराला धरून लेखणीही टाकली नाही. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली. केशिराजबासांचा ओढा संस्कृतकडे होता; सामान्य बायाबापड्यांना मार्ग दुरावेल म्हणून आचार्यांनी तो आवरला, आणि केशिराजबासांनी लीळाचरित्रातूनच सर्वज्ञांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. या दोघांना आवरणारे कोणी तरी होते. म्हाइंभटांना लीळासंग्रहाच्या कामी कोणी थांबविल्याचे आढळत नाही. साक्षीसमोर ते एकटे असत. त्यांना स्वतःलाच आपले गुरुबंधू व्हावे लागले.

ग्रंथाची रचना रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी झाली असे मानतात. काळ सामान्यतः शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा धरला जातो. काही अभ्यासक तो थोडा पुढे नेतात. शके १२०८ च्या आसपास श्रीप्रभूंनीही देह ठेवला. त्यांच्या लीळांचे संकलनही म्हाइंभटांनीच केले. तेच श्रीप्रभुचरित्र, ज्यास ऋद्धिपूरलीळा असेही म्हणतात. एकदा मोठा ग्रंथ सिद्ध झाल्यावर हात सैल पडतो, आता आपल्याला सारे समजते असे वाटू लागते. दुसऱ्या ग्रंथात तसे काही दिसत नाही. श्रीप्रभूंचे बोलणे वऱ्हाडी वळणाचे, तुटक, प्रसंगी रागाचे. गावकऱ्यांच्या तोंडची भाषाही तशीच रोखठोक. एका मीमांसकाने ती जशीच्या तशी कागदावर ठेवली, तीत व्याकरण घातले नाही की सभ्यपणा घातला नाही. मराठी भाषेच्या अभ्यासकांना आज हा ग्रंथ अमोल वाटतो तो याचमुळे. म्हाइंभटांपुढे भाषेचे अभ्यासक नव्हते. ऐकलेले खरे राहावे एवढेच त्यांच्यापुढे होते.

लीळाचरित्राची मूळ प्रत फार काळ टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या फौजा महाराष्ट्रात उतरल्या, त्या धामधुमीत ती नाहीशी झाली. परंपरा तिला खालशाची धाड म्हणते. इतक्या पायपिटीने जमविलेला संग्रह असा गेला. परंतु तोपर्यंत तो अनेकांच्या मुखी बसला होता. ज्यांनी लीळा पाठ केल्या होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, आणि त्यामुळेच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. म्हाइंभटांनी ज्या स्मरणशक्तीवर विश्वास टाकून लीळा मिळविल्या, त्याच स्मरणशक्तीने त्यांचा ग्रंथ परत दिला. विसाव्या शतकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र भागाभागाने छापून प्रसिद्ध केले आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली. जुन्या पाठांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो, दुसरे रामेश्वरबास आणि परशरामबास यांच्या नावांनी. म्हाइंभटांच्या हातचे एकही पान उपलब्ध नाही.